गढूळ पाणी

पाणी स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ, की पडद्यावर तळाची वाळूसुद्धा दिसत होती.

खुर्चीत बसलेल्या बहिणीने मान वळवून शेजारच्या भावाकडे पाहिलं. तीन दिवसांपूर्वी तिला पाण्यातून अर्धमेल्या अवस्थेत बाहेर काढलं, तेव्हा हाच तिच्या उशाशी बसून म्हणाला होता, "ऐन वेळी पाणी गढूळ झालं गं. तुझी खूण दिसलीच नाही मला." तिने विश्वास ठेवला. ठेवणार नाही तर काय, सख्खा भाऊ! उद्या पुन्हा त्याच पाण्यात उतरायला ती तयार झाली होती, तीही त्याच्याच भरवशावर.

भाऊ कॅमेरामन. सिनेमा कंपनीत त्याला सगळे 'घड्याळ' म्हणत. सेकंदाला कॅमेऱ्याच्या हँडलचे दोन फेरे, कधी कमी नाही की जास्त नाही. बोटीखाली सोडलेल्या लोखंडी पेटीत बसून तो काचेतून पाण्यातली दृश्यं टिपायचा. नायिकेला पाण्याची भीती, म्हणून तिचा झगा घालून बुडायची ती बहीण. पायाला धोंडा बांधलेला, पण गाठ सुटी. थोडं तडफडायचं, गाठ ओढायची आणि वर यायचं. गाठ अडलीच तर दोन्ही हात डोक्यावर जोडायचे. ते दिसले की भावाने हँडल सोडून उजवीकडची घंटेची दोरी ओढायची, आणि बोटीवरच्यांनी तिला कमरेच्या दोरीने खेचून घ्यायचं. एवढं सगळं ठरलेलं होतं.

पडद्यावर ती गाठ ओढत होती. गाठ सुटेना.

"वा!" मालक म्हणाले. कंपनीचे मालक तेच आणि दिग्दर्शकही तेच. "काय तडफडतेस गं! खरंच बुडतेयस असं वाटतं."

"खरंच बुडत होते," बहीण म्हणाली. तिचा आवाज अजून बसलेलाच होता.

पडद्यावर तिने दोन्ही हात वर नेले आणि डोक्यावर जोडले. अगदी काचेसमोर. आंधळ्यालाही दिसलं असतं.

आणि तिथेच चित्र संथ झालं. मोकळे केस संथ, बुडबुडे संथ, जोडलेले हात तर जागचे हलेचनात.

"अरे, हे काय?" मालक ताडकन उठले. प्रोजेक्टरला नुकतीच मोटार बसवली होती, त्याचा वेग कायम एकच, त्यामुळे ऑपरेटरवर खापर फोडायची सोय नव्हती. "घड्याळा, हात पळाला तुझा! हँडल जलद फिरवलं की पडद्यावर माणसं अशी रेंगाळतात, हे आता मी तुला शिकवायचं?"

भावाने मान खाली घातली.

पडद्यावर तिचं तोंड उघडलं. मुका सिनेमा, त्यात पाणी. किंकाळीचा प्रश्नच नव्हता. तिचं ते बुडणं संपता संपेना. इकडे बहिणीने खुर्चीचे हात घट्ट धरले. अखेर पडद्यावर तिचे पाय वर गेले आणि दिसेनासे झाले. बोटीवरच्या म्हाताऱ्या खलाशाने आपल्या मनानेच तिच्या कमरेची दोरी ओढली होती, हे तिला नंतर कळलं होतं. ती गेल्यावरही पडद्यावर बराच वेळ नुसती वाळू दिसत राहिली. म्हणजे हँडल तेव्हाही फिरतच होतं.

रीळ संपलं. ऑपरेटरने खिडकीचा पडदा सारला आणि दुपारचं ऊन आत आलं.

"दादा, पाणी कुठे गढूळ होतं रे?"

भाऊ पायांकडे बघत होता. मग घाईघाईने म्हणाला, "घाबरलो होतो गं मी. बघितलंस ना, हात कसा पळाला? आयुष्यात पहिल्यांदा! शपथ सांगतो, अर्धा जीव गेला होता माझा."

"ते दिसलं. घाबरलास, म्हणून जोरात फिरवलंस. मग हँडल सोडलं का नाहीस?"

"वाटलं, आत्ता सुटेल गाठ, आत्ता सुटेल. आणि इतकं छान येत होतं..."

त्याने जीभ चावली. पण बोलायचं ते बोलून झालं होतं. तिला रडू आलं नाही, राग आला.

मालकांचं या दोघांकडे लक्षच नव्हतं. ते खोलीत फेऱ्या मारत होते. "राहू दे हा तुकडा," ते एकदम म्हणाले. "संथ झाल्याने उलट रंगत आलीय. थिएटरात हुंदके ऐकू येतील बघा! उद्या हेच पाठमोरं घेऊ. घड्याळा, हात असाच पळव. आणि बाई, तू अश्शीच तडफड. उतरशील ना?"

भावाने हळूच वर पाहिलं. त्याचे डोळे लाल झाले होते.

"उद्या दादा उतरेल," ती म्हणाली.

"हा? नायिका म्हणून?"

"का? दोन वर्षांपूर्वीपर्यंत तुमच्या नायिका कोण होत्या? मिशा काढलेले बाप्येच ना? झगा घातला, टोप चढवला, की पाठमोरं कोण ओळखतंय! पोहायला आम्ही दोघं एकाच विहिरीत शिकलोय."

मालक हसले. मग कोणीच हसत नाही हे बघून थांबले. "आणि काचेमागे कोण बसणार?"

"मी."

"तुला हँडल मारता येतं?"

तिने मालकांकडे पाहिलंच नाही. भावाकडे बघतच ती म्हणाली, "येतं. आणि सोडताही येतं."