पुराव्यापुरता एक

धाकटी जाऊ कुंपणावरून हात घालून आपल्या घेवड्याच्या वेलावर काडेपेटी झटकते आहे, हे थोरलीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. परसाची वाटणी झाल्यापासून दोघींत बोलणं नव्हतंच, पण बाई या थराला जाईल असं वाटलं नव्हतं! थोरली धावत परसात गेली. वेलावर काळे, काटेरी, नारिंगी ठिपक्यांचे किडे वळवळत होते. असलं ध्यान तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

पुराव्यापुरता एक तिने बाटलीत कोंडला, बाकीच्यांचा साबणाच्या पाण्याने तिथल्या तिथे निकाल लावला आणि तडक बियाण्यांचं दुकान गाठलं.

दुकानदाराने बाटली उजेडात धरली. "लाल पाठीवर काळे ठिपके असलेला भुंगा असतो ना, त्याचं हे पिल्लू. दिसतं भयंकर, पण पानाला तोंड लावत नाही. शेंड्यांवरची ती बारीक हिरवी कीड, मावा, तेवढी खातं. कुणी दिलं तुम्हाला?"

"दिलं नाही, टाकलं," थोरली म्हणाली. पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

ती परतली तेव्हा धाकटी कुंपणापाशीच उभी होती.

"ताई, तुमच्या वेलावर मावा दिसला, म्हणून माझ्याकडचे सगळे तिकडे सोडले. आता बघते तर माझ्याच काकडीवर पडलाय. थोडे परत देता का?"

थोरलीने मुठीतली बाटली कुंपणावरून पुढे केली.

धाकटीने ती हलवून पाहिली.

"आणि बाकीचे?"