प्रबोधमामाची रायफल

"काजळीनं नळी अशी फुटत नाही, बाबा," अनघा म्हणाली.

तिने लॅपटॉप उल्हासरावांकडे वळवला. पडद्यावर एका जुन्या रायफलीचा फोटो होता. काडतूस जिथे बसतं, तिथलं पोलाद उलून बाहेर आलं होतं.

उल्हासरावांनी चष्मा काढून ठेवला. "मला यातलं काही विचारू नकोस."

अनघा सिंगापुरातल्या एका खाजगी संग्रहासाठी जुन्या धातूच्या वस्तू स्वच्छ करून जपायचं काम करायची. आईवडील सांगलीहून महिनाभरासाठी तिच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटवर आले होते. २०१६ सालचा जून होता. शनिवारची दुपार. अरुणाताई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला टेक्का मार्केटातून आणलेली गवार मोडत बसल्या होत्या.

या घरात बंदुकीचा विषय कुणी काढत नसे. सदतीस वर्षांपूर्वी अरुणाताईंचा धाकटा भाऊ प्रबोध नेमबाजीच्या स्पर्धेत रायफल फुटून गेला होता. रायफल त्याच्या आजोबांची. तिला कुठली दारू मानवते हे उल्हासरावांनी वर्षभर खपून ठरवलं होतं. काळी दारू, जाड दाण्याची. तिची काजळी वाईट. प्रत्येक बार उडवल्यावर साबणाच्या पाण्यात भिजवलेली चिंधी गजाला गुंडाळून नळी पुसावी लागे, नाहीतर गोळी भरकटे. प्रबोधने नेम धरायचा, उल्हासरावांनी नळी पुसायची, अशी वाटणी होती.

त्या दिवशी फौजदाराने विचारायच्या आधीच उल्हासराव म्हणाले होते, "नळी मी पुसली नाही. आळस केला."

दोन वर्षं खटला चालला. नेमबाजीच्या क्लबाने त्यांचं नाव काढून टाकलं. सासऱ्यांनी दार बंद केलं ते कायमचं. दर दिवाळीला उल्हासराव अरुणाताईंना माहेरच्या गल्लीच्या तोंडाशी सोडत आणि परत फिरत. सासूबाई गेल्या तेव्हा ते रस्त्याच्या पलीकडे, सायकलच्या दुकानापाशी उभे होते. तिरडी समोरून गेली. त्यांना कुणी हाक मारली नाही.

अनघाने हे सगळं लहानपणापासून पाहिलं होतं. म्हणून आज ती थांबली नाही.

"मी दोन आठवडे हेच वाचतेय, बाबा. नीट ऐका. काजळी साचली की नेम बिघडतो. काडतूस अडतं. नळीत काही अडकलं तर ती पुढे कुठेतरी फुगते. पण मागे, काडतूस बसतं तिथंच चिंधड्या झाल्या, तर बहुतेक वेळा दारू चुकीची असते. काळ्या दारूच्या जागी कुणी नवी, जोरकस दारू त्याच मापाने भरली, तर जुनं पोलाद टिकत नाही. मामाची रायफल कुठे फुटली होती?"

"मध्येच कुठेतरी," उल्हासराव म्हणाले. "आठवत नाही."

"मागे," अरुणाताई म्हणाल्या.

दोघांनीही त्यांच्याकडे पाहिलं. अरुणाताईंचे हात गवारीत तसेच राहिले होते.

"मागेच फुटली होती. गालाला लागून. त्याला मीच पुसलं होतं, माझ्या लक्षात आहे."

अनघाला एकदम हुरूप आला. "मग बाबांची चूकच नव्हती. काडतुसं कोण भरायचं?"

"मीच," उल्हासराव झटकन म्हणाले. "सगळी मीच भरली होती. बंद कर ते आता."

"अहो, खोटं कशाला बोलता?" अरुणाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "तुम्ही आदल्या दिवशी मिरजेला गेला होता. काडतुसं मी भरली. काळी दारू संपत आली होती आणि चार काडतुसं भरायची राहिली होती. फडताळात माझ्या बाबांच्या छऱ्याच्या बंदुकीच्या दारूचा डबा होता. म्हटलं, दारू ती दारू. त्याच मापाने भरली."

अनघाने लॅपटॉप मिटला. तिला आईच्या तोंडाकडे बघवेना.

"तुम्ही चौकीत जबानी देत होता, तेव्हा मी घरी तो डबा उघडला. वर लिहिलेलं वाचलं. मग विहिरीत टाकून दिला." अरुणाताई थांबल्या. "आईला सांगणार होते. रोज सांगणार होते. तिचा एकुलता एक मुलगा हो. मग ती गेली. मग वाटलं, तुम्हाला सांगावं. पण तुम्ही माझ्याशी इतके चांगले वागत होता, की मला सांगताच येईना. सदतीस वर्षं तुम्ही तोंडातून तक्रारीचा शब्द काढला नाही आणि मी बघत राहिले. आता तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा."

खालून एमआरटीची गाडी धडधडत गेली.

उल्हासरावांनी खुर्ची ओढली आणि बायकोच्या शेजारी जाऊन बसले.

"मला माहीत होतं, अरुणा."

अरुणाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"बार झाला तेव्हापासून. काळ्या दारूचा बार झाला की पांढऱ्या धुराचा लोट उठतो, हातभरावरचा माणूसही दिसत नाही. त्या दिवशी धूर नव्हताच. प्रबोध पडताना मला लख्ख दिसला."