रेघेपर्यंत

"ताई, माझी रेघ काढून टाकलीत!"

प्लंबरकाका हातातल्या कोऱ्या करकरीत कागदाकडे बघत चर्चच्या मधल्या वाटेतच उभे राहिले. पाना-पकडीची पिशवी अजून खांद्यालाच होती. चेहरा असा फुलला होता, की चिमणीने ओठांवर आलेलं वाक्य गिळून टाकलं. ते वाक्य ती सकाळपासून घोकत होती : काका, या रविवारी तुम्ही बाकावर बसून ऐका.

रविवारी तीन मंडळ्यांची एकत्र उपासना होती. बाकीच्या दोन्ही मंडळ्यांचे क्वायर, म्हणजे गायनवृंद, नावाजलेले. गाण्याची जबाबदारी अंगावर आल्यापासून चिमणीची ही पहिलीच परीक्षा. म्हणून उपासनेच्या शेवटी म्हणायचं चार ओळींचं गीत तिने सगळ्यांसाठी नव्याने छापून आणलं होतं. जुने कागद फारच मळले होते. त्यांच्यावरच्या रेघा मात्र तिच्या ध्यानातच आल्या नव्हत्या.

रेघा मास्तरांच्या. चिमणीच्या आधी चाळीस वर्षं त्यांनी हा क्वायर सांभाळला आणि एकालाही कधी काढून टाकलं नाही. नव्या माणसाच्या कागदावर ते पेन्सिलीने एक उभी रेघ मारायचे. रेघेपर्यंत गायचं, पुढे नुसते ओठ हलवायचे. सूर बसला की मास्तर रेघ खोडायचे आणि एक शब्द पुढे मारायचे. चिमणी नऊ वर्षांची होती तेव्हा अख्खा हिवाळा तिची रेघ पहिल्या शब्दापुढे सरकली नव्हती. आवाज चिमणीचा, तोही आजारी चिमणीचा, म्हणून तर हे नाव पडलं. कोणी कुरकुरलं तर मास्तर म्हणायचे, "देवाला घाई असती तर त्याने माणूस दाढीमिशांसकट जन्माला घातला असता!" किती वर्षं झाली, पण खोडरबराचा वास आला की तिला अजून ते बाक आणि मास्तरांची वाकलेली मान आठवायची.

सराव सुरू झाला. काकांनी पहिल्या शब्दापासून थेट आमेनपर्यंत गळा मोकळा सोडला. पाणी जाऊन परत आल्यावर नळ गुरगुरतो, तसं शेवटी शेवटी झालं. शिंपीणबाई कागदाआड हसल्या. पोस्टमन पुटपुटला, "रविवारी आपलं नाक कापलं जाणार."

दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच.

सगळे गेले. काका मागे राहिले.

"कसं झालं?" त्यांनी विचारलं.

वाक्य तयारच होतं. पण काकांच्या खिशातून जुन्या कागदाची घडी डोकावत होती. टाकवला नसेल. चिमणीने तो मागून घेतला आणि उलगडला. तीन ओळी खोडून खोडून कागद इतका झिजला होता की त्यातून तिची बोटं दिसत होती. शेवटची रेघ चौथ्या ओळीत, दुसऱ्या शब्दापुढे. थोडी वाकडी. मास्तरांचा हात तेव्हा कापायला लागला होता.

"किती वर्षं झाली याला, काका?"

"अकरा. मास्तर म्हणायचे, तुला घाई नाही, मला नाही, आणि वरच्याला तर नाहीच नाही."

"म्हणा बरं परत. या रेघेपर्यंतच."

काका गायले. तीन ओळी आणि दोन शब्द. प्रत्येक सूर जागच्या जागी होता. मघाशीही तो असाच असणार, तीनदा. तिने ऐकलाच नव्हता. तिचा कान पहिल्यापासून चूक पकडायला टपलेला. चिमणीला स्वतःचीच लाज वाटली.

"आता एक शब्द पुढे," ती म्हणाली.

तो शब्द काही केल्या बसेना. तिने म्हणून दाखवला, त्यांनी म्हटला, तिने परत म्हणून दाखवला. सातव्या वेळी बसला.

मग तिने पेन्सिल काढली. नव्या कागदावर हात टेकला, पण रेघ ओढायला तिला फार जड गेलं.

"काका, तुमची रेघ मी काढून टाकली नव्हती. मारायची विसरले होते."

काका कागदावर वाकले. "म्हणजे आहे अजून."

"आहे. पण एक शब्द पुढे."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन नवी रेघ नीट पाहून घेतली. "मग रविवारी उभा राहू ना?"

"पहिल्या रांगेत. माझ्या समोर."

काकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, पिशवी उचलली, आणि मग थांबले. "आणि तुझा कागद?"

तिचा कागद स्टँडवर होता, बिनरेघेचा. काकांनी तो ओढून घेतला, तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि जाडजूड बोटांनी, पाइपावर खूण करावी तितक्या जपून, पहिल्या शब्दापुढे एक रेघ मारली.

"मास्तरकीत इथपर्यंत आलीस, चिमणे," ते म्हणाले, "आज."