ठिपका

उंदराच्या अंडपेशीच्या केंद्रकात एक गोल ठिपका असतो; गर्भाला तो फक्त आईकडूनच मिळतो. प्रयोगशाळेत ती तो सुईने अलगद ओढून काढायची. फलनाआधी काढला, की गर्भ रडतखडत दोन पेशींपर्यंत जायचा आणि बसकण मारायचा. या वेळी तिने तो फलन झाल्यावर काढला होता, आणि गर्भ मजेत वाढत होता.

प्रयोगशाळेचा प्रमुख, म्हणजे तिचा नवराच, सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता म्हणाला, "कमाल आहे गं! एकदा सुरुवात करून दिली की याचं काम संपलं. मग नसला तरी काही अडत नाही!"

"परिषदेला कधी निघायचंय?"

"मी आणि ती नवी सहकारी जातोय. तिचाही हात आता बसलाय. तू कशाला उगाच दगदग करतेस? शोधनिबंधाच्या शेवटी तुझे आभार मानलेत की."

ही प्रयोगशाळा दोघांनी थाटली, तेव्हा त्याचा हात लटलट कापायचा. सुई धरायला तिनेच शिकवलं होतं. तिने सुई पुसून डबीत ठेवली.

"आणि अगदी सुरुवातीलाच काढला असता तर?"

"मग कसला वाढतोय! तिथेच संपला असता."

"तेवढं भाषणात सांगायला विसरू नकोस हं."