शनिवारचं लोखंड

अखेर कुंदा त्याच जुन्या कंटेनरमध्ये भाकऱ्या थापू लागली. पण ते राहू दे, घडलंच नाही असं धरू.

बंदराजवळच्या यार्डात तिचा नवरा पद्माकर खानावळीसाठी कंटेनर ठोकून बघत होता.
“भाव रोज चढतायत, शेठ. आजच उचला,” यार्डवाला म्हणाला.
“शनिवारी लोखंड? नको बाबा. सोमवारी येतो.”
“अहो, सहा वर्षं दुसऱ्यांच्या घरी भाकऱ्या भाजतेय,” कुंदा म्हणाली. “शनीनं आणखी काय वाकडं करायचं राहिलंय?”

सोमवारी भाव दीडपट झाले होते. तो कंटेनर शनिवारीच शेजारच्या हरेशनं नेला होता. त्याला सगळे वार चालतात. त्यानं खानावळ काढली आणि भाकऱ्यांना बाई ठेवली. कुंदाच.

आता पद्माकर दर शनिवारी शनीला तेल घालतो आणि हात जोडून म्हणतो, “सदर शनिवार पूर्वलक्षी प्रभावाने सोमवार समजण्यात यावा, ही नम्र विनंती.”