खंड्याच्या चोचीवरचा ओरखडा

नुसत्या उडण्याच्या ढबीवरून पक्षी ओळखणारे काका सकाळपासून गॅलरीत दोन महागड्या दुर्बिणी घेऊन बसले होते. एक जुनं मॉडेल, एक त्याचंच नवं. एक ठेवायची आणि दुसरी दुकानात परत करायची होती.

"अगं, नवीतून त्या तारेवरच्या खंड्याच्या चोचीवरचा ओरखडासुद्धा दिसतोय! तू बघून सांग, कुठली ठेवू?"

काकूंनी दोन्ही आळीपाळीनं डोळ्यांना लावल्या. "मला दोन्ही सारख्याच वाटतात हो."

"गाढवापुढे वाचली गीता!" काकांनी दुर्बिणी हिसकावून घेतल्या आणि नवी पुन्हा खंड्यावर रोखली.



काकू, गेले कित्येक महिने जात होत्या तशाच, भिंत चाचपत आत गेल्या.