समुद्रानं बांधलेलं घर

बसा पाव्हणं, इथं ओट्यावर. चहा निवायच्या आत सांगतो, माझ्या डोळ्यांनी बघितलेलं.

हा कडा मऊ. लाटा खालून कुरतडतात, मग वरचं ढासळतं. दरसाल माझ्या कोबीच्या दोन ओळी समुद्रात जातात. घर मी दोनदा मागं सरकवलंय.

समोर पाण्यात तो सुळका दिसतो ना? कडा मागं हटला, तो तेवढा उभा राहिला. लाटांनी त्याला आधी उतरतं छप्पर दिलं, मग दार, मग ओटा. बायको, कियोनो, म्हणाली, "अहो, हे तर आपलंच घर!"

"समुद्राला दुसरा नमुना मिळाला नसेल," मी हसलो.

गेल्या साली वाऱ्याला कंटाळून मी दार पश्चिमेला फिरवलं. पुढच्याच वादळात दगडातलं दारही फिरलं. इतकं सफाईदार काम कुठल्या पाथरवटाला जमणार? मी हातच जोडले.

कियोनो घाबरली. "चला टोकियोला, पोरीकडं. आजच!"

"अगं, पुढं काय घडवतोय बघू दे की!"

"बघा तुम्हीच. बसल्या बसल्या दगड व्हाल."

ती पोरीकडं निघून गेली. त्याच आठवड्यात दगडी ओट्यावर एक माणूस उमटला. पाठीत वाकलेला, हातात पेला. एकटाच.

आज सकाळपासून लाटा जोरात आहेत, आणि खाऱ्या वाऱ्यानं माझे डोळे भरलेत. तुमची नजर तरणी. जरा वाकून बघा आणि खरं सांगा, त्या ओट्यावर आता किती माणसं बसलीत?